तुटक्या रेघेचा कोळी

माझ्या नणंदेला ऑफिसात सगळे फौजदार म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नव्या बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाला ती धक्क्यावरच्या खोलीत उभं करायची. खिसे उलटे करा. बुटांच्या खाचा दाभणाने कोरा. शिवणींवरून ब्रश फिरवा, टोपी झटका, केस विंचरा. साहेबांच्या विजारीच्या दुमडीत एकदा गवताचं कुसळ निघालं, तर तिने त्यांना, म्हणजे ज्यांच्या सहीने आमचे पगार निघतात त्या माणसाला, घरी जाऊन विजार बदलून यायला लावलं. बोट तोवर थांबली. मला तर एका संत्र्याच्या बीवरून सरळ परत पाठवलं होतं. म्हणाली, "वहिनी, घरी तू मोठी. इथे नाही." मी पाय आपटत परत आले आणि नंतर कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. एका घरात राहून, एका ऑफिसात काम करून न बोलणं काही सोपं नसतं, पण मीही काही कमी नाही.

तिचं म्हणणं मात्र बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते बेट समुद्राने आमच्या डोळ्यांदेखत बाहेर टाकलेलं. काळाकुट्ट दगड, काही भेगांतून अजून वाफ येते, झाड नाही, गवत नाही, काही नाही. अशा जागी जीव कसा येतो हे बघायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाला लॉटरीच. पण बघायचं तर आपण स्वतः तिथे काही न्यायचं नाही. एक बी गेली, एक मुंगी गेली, की पुढचं सगळं खोटं. मग बेटावर काय आलं ते नाही कळणार, आपण काय सांडलं तेवढंच कळणार.

आमचा धंदा कोळ्यांचा, म्हणजे भिंतीवर जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्यांचा. ती बेटावर जाऊन शोधायची, आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून कोळी कुठला ते ठरवायची आणि त्याचं चित्र काढायची. लोकांना वाटतं, उघड्या दगडावर आधी गवत येतं, मग गवत खाणारे, मग त्यांना खाणारे. शाळेच्या पुस्तकात चित्रही तसंच असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं. सगळ्यात आधी येऊन बसणाऱ्यांत कोळी असतो, कारण त्याला गवताची गरजच नाही. वाऱ्याने वाहत आलेली चिलटं, माश्या, जे पडेल ते खाऊन तो तग धरतो.

आणि येतो कसा, तर धाग्यावर. नुकतं जन्मलेलं पिल्लू, टाचणीच्या डोक्याहून लहान, एखाद्या काडीच्या शेंड्यावर चढतं, पायांवर उंच होतं, पोट वर करतं आणि धागा हवेत सोडतं. वाऱ्याने धागा उचलला की पिल्लूही गेलं. कुठे, ते त्याच्या हातात नसतं. बहुतेक समुद्रातच पडतात. पण लाखांत एखादं जमिनीवर टेकतं, आणि बेटाला तेवढं पुरतं.

नव्या बेटाच्या पलीकडे जुन्या बेटांची रांग आहे, जितकं लांब तितकं जुनं. त्या प्रत्येकावर कधीतरी असंच एखादं पिल्लू उतरलं असणार. त्याच्या लेकी-नाती-पणत्यांतून हळूहळू वेगळेच कोळी झाले. एक हिरवा, पानाला चिकटून बसणारा. एक तपकिरी, सालीवर दिसतही नाही असा. एकाने तर जाळं विणणंच सोडलं आणि काट्यासारख्या पायांनी भक्ष्य हवेतून उचलायला लागला. शेजारच्या बेटावर पुन्हा पहिल्यापासून तीच कथा. एक गोष्ट मात्र तिथे सगळीकडे सारखी. बेटावरचे कोळी पुढे पुढे उडायचं सोडून देतात. उडतात ते समुद्रात जातात, त्यांना पोरंबाळं कुठून होणार? मागे उरतात ते घरकोंबडे, आणि वंश त्यांचाच वाढतो.

फौजदारीणबाई हे रंगात येऊन सांगत असल्या की सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणते, मधेच बोलायच्या, "बघ. शहाणे असतात ते घरात बसतात. तूच एक बोटीत बसून वाऱ्यावर निघालीस." आणि दोघी हसायच्या.

तर चारेक वर्षांपूर्वी बेटावरचं पहिलं जाळं तिला सापडलं. कपारीखाली, जिथे आमची माणसं रात्री झोपतात आणि सामान ठेवतात तिथून जवळच. आनंदाने वेडी झाली होती. मुख्य भूमीवरचाच साधा कोळी, घराघरांत असतो त्या जातीचा. पण त्याच्या पाठीवर जी सलग पांढरी रेघ असते ती याच्या पाठीवर मधेच तुटलेली. तिथल्या सगळ्याच कोळ्यांची तुटलेली. म्हणजे वाऱ्यावरून आला, आणि इतक्या थोड्या पिढ्यांत बदलायलाही लागला! साहेब तर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. जगभरातून माणसं आली, तिचे फोटो छापून आले. जिने कुसळासाठी बोट अडवली तिलाच पहिला पाहुणा भेटला, असं सगळे म्हणाले. आईंनी ते फोटो कापून भिंतीवर लावले.

दोन वर्षांपूर्वी बेटावरून परत येताना बोट उलटली. बाकीचे पोहत, ओढत किनाऱ्याला लागले. ती नाही. शोधाशोध झाली, पण काही सापडलं नाही. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही, मला जमत नाही.

आई वर्षभर बोलल्या नाहीत. जेवायला बसायच्या आणि ताटाकडे बघत राहायच्या. मग ऑफिसने ठरवलं की त्या कोळ्याला तिचं नाव द्यायचं. पुस्तक निघणार, मोठा कार्यक्रम होणार, आईंच्या हातून ते बाहेर येणार. ही बातमी ऐकली त्या दिवशी आईंनी भात दुसऱ्यांदा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या दादाने, मला सांगून ठेवलं, "चित्रं तूच काढ. तिचं पुस्तक आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात नको."

आणि तिथेच सगळं अडलं.

चित्र काढताना मी घाई करत नाही. एक एक केस मोजल्यासारखी बघते. बेटावरून आलेले कोळी बाटल्यांत होते, स्पिरिटमध्ये, आणि त्यांच्या जाळ्यातला कचराही वेगळ्या बाटलीत, कारण कोळी काय खातो ते त्यावरून कळतं. त्या कचऱ्यात माश्या होत्या, चिलटं होती, आणि तळाशी एक शोषून घेतलेला चोथा. मी सुईने पाय सरळ केले. कोळ्याचं पिल्लू होतं, वेगळ्याच जातीचं. आमच्या शहरात, आसपास, कुठल्याच घरात न मिळणारं. लांबच्या गवताळ माळांवरचं. ते कुणाच्या बॅगेतून येणं शक्यच नव्हतं. म्हणजे वाऱ्यावरून खराखुरा आलेला पाहुणा तो होता, आणि तुटक्या रेघेच्या कोळ्याने तो खाल्ला होता.

मग माझं लक्ष त्या रेघेकडे गेलं. तशी ती मी कितीदा पाहिली होती, पण आता मनात नसता किडा वळवळायला लागला. ही तुटकी रेघ मी आणखी कुठेतरी पाहिली आहे. कुठे, ते आठवेना. दुपारभर डोकं खाजवलं आणि संध्याकाळी घरी जिना चढताना एकदम पायच थांबले.

आमच्या घरात जळमटं काढत नाहीत. म्हणजे खाली काढतो, पाहुणे येतात. पण वरची खोली तिची होती, आणि शाळेत असल्यापासून तिने तिथे केरसुणी येऊ दिली नव्हती. आई सुरुवातीला भांडल्या, मग त्यांनी हात टेकले. कोळ्यांवर पोट चालणाऱ्या घरात कोळ्याचं जाळं मोडणं आम्हालाही बरं वाटेना. त्या खोलीची खिडकी रंगाने चिकटून कधीची बंद झाली आहे. दार लागलेलं असतं. आत तिचं सामान, दोऱ्या, तंबू, आणि भिंतीला पिढ्यान्‌पिढ्यांचे कोळी.

मी दिवा लावला, भिंग घेतलं, आणि पहिल्याच जाळ्यातल्या बाईसाहेबांची पाठ बघितली. रेघ तुटलेली. दुसरीची तुटलेली. कोपऱ्यातल्या, छताच्या, तंबूच्या घडीतल्या, सगळ्यांची. खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत याच जातीचा कोळी होता. त्याची रेघ साधी, सलग.

मी तिथेच जमिनीवर बसले. बदल झाला होता, अगदी खराच झाला होता. पण तो बेटावर नाही, आमच्या वरच्या खोलीत झाला होता. त्या बंद खोलीत तीस वर्षं आपापसात वाढलेल्या कोळ्यांचंच एक बेट झालं होतं, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नाही. कोळ्यांचे एवढे जाणकार आम्ही, आणि आम्हाला आमच्याच भिंतीवरचा कोळी ओळखता आला नाही! दुसऱ्या कुणाच्या घरात असते तर ते कधीच झाडून गेले असते.

बेटावर ते कसे गेले हे विचारायची गरजच नव्हती. बाकी सगळ्यांचं सामान धक्क्यावरच्या खोलीत कपाटात असायचं. एकटी ती आपली बॅग घरून न्यायची, वरच्या खोलीतून. बॅगेच्या पट्ट्याच्या अस्तरात अंड्यांची एक पिशवी लपली की झालं. धक्क्यावर ती सगळ्यांना तपासायची. तिला कोण तपासणार? कुणाची टाप होती?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच हातात राहिला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. तुला पहिलं."

"मग नको सांगू." त्याने घास ताटात ठेवला. "आई आत्ता कुठे माणसात यायला लागली आहे. कार्यक्रम होऊन जाऊ दे. तिच्या नावाने एक कोळी राहिला तर कुणाचं काय बिघडतं?"

"कुणाचं म्हणजे? बेटाचं बिघडतं. अजून ते त्या कपारीपुरतेच आहेत, पण आता वाढलेत. यंदाचे वारे सुरू झाले की त्यांची पिल्लं उडतील, बेटभर होतील. जे खरे येतील त्यांना खाऊन टाकतील. एकाला खाल्लंच आहे, बाटलीत आहे तो माझ्याकडे. मग पुढच्या हजार वर्षांत तिथे जे काही होईल ते आपल्या माळ्यावरच्या जळमटांचं होईल."

"होऊ दे."

"होऊ दे काय? ज्या गोष्टीपायी ती सगळ्या जगाशी भांडली—"

"ती मेली आहे," तो ओरडला. असा तो कधी ओरडत नाही. "मेलेल्या माणसाला निष्काळजी म्हणतील ते. ज्यांना ज्यांना तिने परत पाठवलं ते सगळे दात काढतील. ती उत्तर द्यायला येणार आहे का? आणि सांगणार कोण, तर घरचीच वहिनी!"

मला इतका राग आला की मी ताट उचलून मोरीत ठेवलं, त्याचं अर्धं जेवण असताना. मग मीच बसून राहिले. तो चुकीचं बोलत नव्हता. गप्प बसले तर बेट कायमचं खोटं होणार होतं, आणि बोलले तर तिचं नाव जाणार होतं, आईंच्या डोळ्यांसमोर. दोन्हींत माझाच हात. असं वाटलं की हे चित्र काढायला दुसरं कुणी का नाही मिळालं यांना.

दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीत बसून कार्यक्रमाला घ्यायच्या शालीचे गोंडे सोडवत होत्या. मला ते बघवेना.

"आई, एक सांगायचं आहे."

"सांग ना. दोन दिवस बघतेय, तुझं तोंड उतरलंय. भांडलात का?"

मी सगळं सांगितलं. रेघ, वरची खोली, तो चोथा. आईंना कोळ्यांतलं सगळं कळतं. लेकीने आणि सुनेने तेवढं शिकवलं आहे. त्यांची बोटं गोंड्यांतच राहिली.

"म्हणजे आपला," त्या शेवटी म्हणाल्या. "वरचा."

"हो."

"तिच्या बॅगेतून गेला."

"दुसरं कुणी इथून सामान नेत नव्हतं, आई."

"आणि तिने बघितलं नाही."

आईंनी हातातली गाठ सोडवली. मग माझ्याकडे वळल्या.

"आता त्या कोळ्यांचं काय?"

"काढावे लागतील. सगळे, अंड्यांसकट. वारे सुरू व्हायच्या आत."

"मारणार?"

"हो."

त्यांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. "तिला हे कळलं असतं तर तिने काय केलं असतं?"

"साहेबांच्या टेबलावर बाटली आपटली असती, त्याच दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मारायला गेली असती."

"हं," आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते शालीला पुसलं, जी शाल त्या कुणाला हातही लावू देत नव्हत्या. "मग तू दोन दिवस कसली वाट बघत बसलीस? चल. मी पण येते."

नको म्हटलं तरी त्या ऐकेनात. तास गेला त्यांना तयार व्हायला. नवरा दारात उभा राहिला, आईकडे बघितलं, बाजूला झाला आणि रिक्षा बघायला गेला.

साहेबांनी आईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांना वाटलं कार्यक्रमाचंच काही असेल. मी बाटल्या मांडल्या. एक बेटावरची, एक आमच्या माळ्यावरची, आणि तिसरी त्या चोथ्याची. म्हटलं, "बघा."

ते पुष्कळ वेळ बघत होते. भिंगातून डोळा काढायचे, पुन्हा लावायचे. मग चष्मा काढून हातात धरला. म्हातारे दिसायला लागले एकदम. त्यांच्याही आयुष्याची ती मोठी गोष्ट होती, तिच्या एकटीची नव्हती.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "की आपल्या हयातीत बेटाने एक कोळी घडवला."

"घरात घडला, साहेब."

"हो. तेही काही कमी नाही." मग त्यांनी तो चोथा पुन्हा भिंगाखाली घेतला. "आणि हा बिचारा खरा." त्यांनी मान हलवली. "पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतो. काही ठेवायचं नाही. कार्यक्रम रद्द. ते नाव..." ते आईंकडे बघून थांबले.

"नाव काढा," आई म्हणाल्या. "चुकीच्या कोळ्याला माझ्या मुलीचं नाव नको."

साहेब खाली बघत म्हणाले, "आई, मला आणखी एक करावं लागेल. अहवालात लिहावं लागतं. कुणाच्या सामानातून गेलं, कुणाच्या चुकीने गेलं. नाव घालून. हा नियम..."

"तिनेच केलेला," मी म्हटलं.

"हो. तिनेच."

त्यांनी कागद ओढला, पेन उघडलं आणि तसेच बसले. मी मान खाली घातली. सगळ्यांना दाभण घेऊन उभं करणारी ती, आणि शेवटी त्या कागदावर नाव येणार होतं ते तिचं. नवरा म्हणाला होता तेच खरं होणार होतं, आणि करणारी मी होते.

"माझ्यामुळे गेला तो," आई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वर बघितलं.

"ती त्या थंडीत गेली नाही का, जाळं सापडायच्या आधीच्या फेरीला? बॅग भरून, तपासून, बांधून दारात ठेवली होती तिने. धुरळा नव्हता एक. ती आत चहा प्यायला गेली. मी वर गेले, खुंटीवरचा तिचा जुना स्वेटर काढला, बॅग सोडली आणि तळाशी सारला. तसाच, न झटकता. सांगितलं असतं तर तिने सगळी बॅग पुन्हा रिकामी केली असती, म्हणून सांगितलं नाही. लिहा. तिच्या आईने चूक केली. तिने नाही."

त्या सरळ बसून, सावकाश, एकेक शब्द सांगत होत्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या थंडीत आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची, खुर्चीतून पलंगावर घ्यायची. जिना चढणं सोडाच, कूस बदलायलासुद्धा मला हाक मारायच्या. लेक बेटावर निघाली त्या सकाळी तिने वाकून आईच्या कपाळावर हात ठेवला होता, मी तिथेच उभी होते. आणि साहेब! साहेब त्याच आठवड्यात फळं घेऊन भेटायला आले होते, पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही आठवत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"असंच झालं का?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही घरात होतात."

मी आयुष्यात कामात खोटी रेघ काढलेली नाही. एकदा एका पायाचा केस चुकून जास्त झाला म्हणून अख्खं चित्र फाडलं आहे. क्षणभर नणंद समोर उभी असल्यासारखी वाटली, कमरेवर हात ठेवून. पण मी हिशेब केला. कोळी कुठला, बदलला कुठे, तिथे काय खाल्लं, आता काय करायचं, यातलं सगळं कागदावर खरंच जाणार होतं. बेटाला काही फसवलं जाणार नव्हतं. खोटा होता तो एवढा एक स्वेटर.

"हो," मी म्हटलं. "आईंनीच घातला."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता न बघताच म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला कधी बेटावर नेत नव्हतो, आई." आई ओठ मुडपून हसल्या. मग सही करायला पेन मागितलं, आणि आपलं पूर्ण नाव सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मला राहवेना. रागही आला होता आणि रडूही येत होतं.

"आई, काय हे? तिला आवडलं असतं का? घर डोक्यावर घेतलं असतं तिने."

"घेऊ दे. यावं आणि घ्यावं डोक्यावर." त्या कठड्याला धरून थांबल्या. धक्क्याकडून वारा येत होता, त्यांनी पदराऐवजी माझी ओढणीच ओढून गळ्याला गुंडाळली. "ती त्या थंडीत स्वेटर न घेता गेली. पलंगावरून दिसलं मला, दारातून बाहेर पडताना अंगात ते पातळ जाकीट होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण म्हटलं चिडेल, उशीर होईल. मग ती येईपर्यंत पडल्या पडल्या मला दुसरा उद्योगच नव्हता. रोज मी उठायची मनातल्या मनात. जिना चढायची, खुंटीवरून स्वेटर काढायची, खाली यायची, बॅगेत सारायची. रोज."

मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"त्यामुळे तू मनाला लावून घेऊ नकोस," आई म्हणाल्या. "मी काही खोटं लिहून दिलेलं नाही."